ज्युडिथ पूल यांची पिशवी: १७ एप्रिलच्या टेबलाच्या नोंदी

मी खानदेशातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, २१ वर्षं झाली. दर १७ एप्रिलला, म्हणजे जागतिक हिमोफिलिया दिनाला (हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार), आमच्याकडे एक फलक लागतो, दोन भाषणं होतात आणि समोसा मिळतो. यंदा भाषणांच्या शेजारी एक टेबल मांडलं. त्यावर क्रायो, म्हणजे या आजारात देतात तो रक्तातून काढलेला घटक, कसं सापडलं ते डोळ्यांनी दिसेल असं ठेवायचं होतं. टेबल चार फुटी आणि काम दीड महिन्याचं. दुसऱ्या कुठल्या रक्तपेढीला करावंसं वाटलं तर आमच्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून ही वही.

२ मार्च

मॅडमनी (आमच्या रक्तसंक्रमण अधिकारी) परवानगी दिली, तीन अटींवर. पिशवी फेकायच्या यादीतलीच हवी. ती वापराच्या फ्रीजमध्ये एक मिनिटही जाता कामा नये, रसायनांच्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि दोन्ही बाजूंना लाल शाईने 'वापरासाठी नाही' लिहायचं. कुणाच्या हातात द्यायची नाही. खर्चाला ३,००० रुपये.

क्रायो म्हणजे काय, एवढंच सांगून पुढे जाते. गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) फ्रीजच्या थंडाव्यात हळूहळू वितळवला की तळाशी पांढरट साका उरतो. वरची निवळ काढून टाकली की राहतं ते क्रायो. हिमोफिलिया एमध्ये रक्त गोठवणारा जो घटक आठ कमी असतो, तो या साक्यात भरपूर असतो.

६ मार्च

फलकाचा पहिला मसुदा: 'अमेरिकेतील डॉक्टर ज्युडिथ पूल यांना १९६४ साली योगायोगाने क्रायोचा शोध लागला.' एका वाक्यात दोन गफलती. रात्री वाचत बसल्यावर कळलं.

त्या रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्याच. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, शिकागो विद्यापीठात शिक्षण, मध्ये काही काळ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, मग १९४६ साली शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी. तीही रक्तावर नाही, स्नायूंवर. राल्फ जेरार्ड यांच्या प्रयोगशाळेत एकेका स्नायूतंतूत काचेची अतिबारीक नळी खुपसून विजेचा दाब मोजायचं काम. रक्ताकडे त्या वळल्या १९५३ साली, स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात. 'नेचर'मधला क्रायोचा निबंध १९६४चा. मध्ये ११ वर्षं गेली. याला योगायोग म्हणायचं तर मग माझी नोकरीही योगायोगच.

'डॉक्टर' खोडून 'संशोधक' केलं, 'योगायोगाने' पूर्ण काढलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही. जागा कोरी ठेवली.

१० मार्च

पहिली पिशवी. मुदत संपलेला प्लाझ्मा, २०० मिलीचा. पाच वाजायला आले होते, घरी जायची घाई. रोजच्या हाताला ३७ अंशांच्या वॉटर बाथची सवय, टाकली त्यात. वीस मिनिटांत वितळली, सोनेरी आणि स्वच्छ. साका नाही, धागा नाही, काही नाही.

माझी चूक, आणि तीही रोज क्रायो काढणाऱ्या माणसाची. ३७ अंशांना तो साका विरघळतोच. क्रायो रुग्णाला लावण्याआधी आपण नेमकं हेच करतो. म्हणजे मी पुरावा पुसून मग तो शोधत बसले होते.

१३ मार्च

दुसरी पिशवी. या वेळी शहाणपणाने संध्याकाळी पाचला ४ अंशांच्या फ्रीजमध्ये. सकाळी आठला पाहिलं तर अख्खी पिशवी ताकासारखी. दात्याने रक्त देण्याआधी बहुतेक भजी हाणली असावीत. स्निग्धांशाने गढूळ झालेला प्लाझ्मा, म्हणून तर तो फेकायच्या यादीत होता, आणि कारणाचा रकाना मी वाचला नव्हता. पांढऱ्यात पांढरं काय दिसणार? एक रात्र वाया. यादीतून पिशवी निवडताना 'मुदत संपली' हेच कारण बघा. गोठलेली असताना उजेडात धरून काही कळत नाही, त्यामुळे रकाना वाचण्याला पर्याय नाही.

१७ मार्च

तिसरी पिशवी. दिसलं! बरोबर एक महिना आधी.

थोडा बर्फ अजून शिल्लक होता आणि त्याच्याभोवती बारीक पांढरे पुंजके तरंगत होते. लिंबू पिळल्यावर दूध फाटायला लागतं, अगदी त्या क्षणासारखं. पिशवी हलवली की धागे एकमेकांना चिकटून लांब होतात. मामांना (आमचे परिचर) हाक मारली. मामा म्हणाले, "हे तर रोजच असतं की मॅडम." खरं आहे. रोज असतं.

पण मी पिशवी फ्रीजमध्ये आडवी ठेवली होती, त्यामुळे पुंजके सगळीकडे पसरले. लांबून पाहणाऱ्याला नुसता धुरकट प्लाझ्मा दिसला असता. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवलं. मग हौस आली, म्हटलं निवळ वेगळी करून दाखवू. रिकामी पिशवी नळीने जोडली, एक्स्प्रेसरमध्ये (पिशवी दाबून वरचा द्रव बाहेर ढकलणारं साधन) धरली आणि पट्टी एकदम सोडली. निवळीबरोबर निम्मा साकाही पलीकडे गेला. रोजच्या कामात हात आपोआप हळू चालतो, प्रेक्षक असले की घाई होते. प्रेक्षक म्हणजे एकटे मामा.

यातून फलकाला एक वाक्य मिळालं. पूल आणि त्यांच्या सहकारी अँजेला शॅनन यांचा दुसरा महत्त्वाचा निबंध १९६५चा आहे, आणि त्यात हीच जोडलेली बंद पिशवी आहे: पिशवी न उघडता निवळ पलीकडे ढकलायची, हवा आत जाऊ द्यायची नाही. साका आधीही बसत होता. तो कुठल्याही रक्तपेढीत, महागडा कारखाना न उभारता, निर्जंतुकपणे काढता यायला लागला ते या पिशवीमुळे. आमच्यासारख्या पेढीत आज जे चालतं ते याच वळणाचं आहे.

२३ मार्च

फ्लेक्स आला. ६ बाय ४, ४८० रुपये. मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं: 'ज्युडिथ पूल, कॅलिफोर्निया. वरती छान फोटो टाका.' त्याने टाकला. सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा झुलता पूल, मागे धुकं, खाली ठळक अक्षरांत 'हिमोफेलिया दिन'.

त्याचं काय चुकलं? पूल म्हटल्यावर पूलच टाकणार. अर्धे पैसे तरी सोड म्हटलं, नाही सोडले. नवीन फ्लेक्सला पुन्हा ४८०. आता फोटोच नको म्हटलं, मोठ्या अक्षरांत 'संशोधक ज्युडिथ ग्रॅहम पूल' आणि शुद्धलेखन मी स्वतः दुकानात बसून तपासणार. ही सूचना सगळ्यांसाठी: मजकूर कागदावर द्या, व्हॉट्सॲपवर नको.

२९ मार्च

हिमोफिलियाच्या मंडळींपैकी काका आले. वय साठीला टेकलेलं, घड्याळदुरुस्तीचं दुकान, उजवा गुडघा लहानपणच्या ब्लीड्सनी, म्हणजे सांध्यातल्या रक्तस्रावांनी, जाम झालेला. त्यांना टेबलावर काय काय आहे ते दाखवलं. पिशवी पाहून ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, हे ठीक आहे. पण याने काय फरक पडला ते कुठं दिसतंय?"

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. ५० किलोचा माणूस, घटक आठ जवळपास शून्य, पातळी ४० टक्क्यांवर न्यायची आहे. एका किलोला १ युनिट (घटक आठ मोजायचं माप) दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १,००० युनिटं. एक मिली प्लाझ्म्यात साधारण १ युनिट, म्हणजे लिटरभर प्लाझ्मा. आणि हा घटक ८ ते १२ तासांत निम्मा होतो, म्हणजे संध्याकाळी परत द्यायचा. एवढं पाणी शिरेतून रोज घेतलं तर हृदय आणि फुप्फुसं कुरकुरणारच. क्रायोच्या एका पिशवीत ८० युनिटं धरली तर १३ पिशव्या लागतात, पण पिशवी १५ मिलीची. सगळं मिळून २०० मिलीच्या आत.

काकांनी लगेच समोरच्या टपरीवरून पाण्याची एक लिटरची बाटली आणि चहाचा एक पेला आणला. बाटलीत हळदीचं पाणी, पेल्यातही हळदीचं पाणी. शेजारी शेजारी ठेवलं. खर्च २० रुपये. खरं सांगायचं तर पूर्ण टेबलावर हीच वस्तू सगळ्यात चालली, आणि ती सुचली माझ्या डोक्यातून नाही.

पेला ठेवताना काका म्हणाले, "पण ताई, पाच माणसांचा प्लाझ्मा होता तिथं तेरा माणसांचं क्रायो झालं." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. २०० मिलीच्या पाच पिशव्यांनी लिटर होतो. क्रायो काढताना निम्म्याहून जास्त घटक निवळीत निसटतो, म्हणून दाते वाढतात. काकांना हे पाठ असण्याचं कारण पुढे येईल.

३ एप्रिल

६ मार्चची कोरी जागा मनात होती. मामा म्हणाले तसं, हे तर रोजच असतं. गोठलेला प्लाझ्मा थंडीत वितळताना तळाशी पांढरं काहीतरी बसतं हे तेव्हाही कित्येकांच्या नजरेखालून गेलं असेल. मग ते काहीतरी म्हणजे घटक आठ, हे कळलं कसं? मोजून. दुसरा रस्ताच नाही.

तेच करून दाखवायचं ठरवलं. घटक आठची खरी चाचणी आमच्याकडे होत नाही, त्यासाठी घटक आठ नसलेला खास प्लाझ्मा लागतो आणि त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. म्हणून साधी एपीटीटी (प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी चाचणी), तीही हाताने, जशी मी शिकताना केली होती. नळीत ०.१ मिली प्लाझ्मा, तेवढंच रसायन, ३७ अंशांना तीन मिनिटं, मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराइड आणि स्टॉपवॉच सुरू. नळी उजेडात तिरकी करत राहायची, गाठ धरली की थांबवायचं. रसायनं पॅथॉलॉजीकडून उसनी. स्टॉपवॉच काकांचं, चावीचं, त्यांनीच दुरुस्त केलेलं.

पहिल्या फेरीत सगळ्याच नळ्या ७० सेकंदांच्या पुढे गेल्या. अर्धा तास डोकं खाजवलं. कॅल्शियम फ्रीजमधून काढून थेट घातलं होतं, गरम करून घेतलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत मूळ प्लाझ्मा ३६ सेकंद, निवळ ५२. निवळीत विरघळवलेल्या साक्याचे थोडे थेंब टाकले: ३७. प्रत्येक नळी दोनदा केली, फरक एखाद्या सेकंदाचा.

जाणकार म्हणतील की साक्यात फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रँड घटक, घटक तेरा असं बरंच असतं, तुझ्या ३७ सेकंदांवरून घटक आठच होता हे सिद्ध होत नाही. कबूल. त्यासाठीच ती महागडी चाचणी असते. पण नळी हातात धरून ५२ला गोठणारी निवळ ३७वर आलेली पाहिली तेव्हा मला ते भौतिकशास्त्र शिकवणं, स्नायूतंतूत नळ्या खुपसणं हे सगळं एका ओळीत आल्यासारखं वाटलं. ही बाई आधीपासून मोजणारी होती. कोऱ्या जागेत लिहिलं: 'साका सगळ्यांना दिसत होता. पूल आणि सहकाऱ्यांनी तो मोजला.'

७ एप्रिल

मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर फलकाचा मजकूर टाकला. दहा मिनिटांत एका आईचा फोन. "ताई, तुम्ही 'हिमोफिलियावर क्रायो' लिहिलंय. आमचा नऊ आहे. आमच्या मुलाला एकदा असंच कुणीतरी क्रायो लावलं होतं, रात्रभर गुडघा फुगत राहिला."

हिमोफिलिया बीमध्ये कमी असतो तो घटक नऊ, आणि तो साक्यात येत नाही, निवळीतच राहतो. हिमोफिलिया बीला क्रायोचा उपयोग नाही. हे मला माहीत असूनही फलकावर 'ए' लिहायचं राहिलं. (बीचं जुनं नाव ख्रिसमस डिसीज. ते सणावरून नाही, १९५२ साली ज्या मुलावर निबंध लिहिला गेला त्याच्या आडनावावरून.) फ्लेक्स छापायला गेलेला नव्हता, वाचले. 'हिमोफिलिया ए' असं केलं आणि खाली लाल चौकट: 'घटक नऊ कमी असेल तर क्रायो नाही.' त्या ताईंना दुरुस्त मजकूर परत पाठवला, त्यांनी अंगठा दिला.

९ एप्रिल

आज वाद झाला. काकांचं म्हणणं, फलकावर संसर्गाचं लिहा. मॅडम म्हणाल्या, "कार्यक्रमाच्या दिवशी एचआयव्ही, कावीळ कशाला? दाते घाबरतील." काका शांतपणे म्हणाले, "मला हिपॅटायटिस सी आहे. जुन्या क्रायोतूनच आला असणार असं डॉक्टर म्हणतात. तेरा तेरा माणसांचं घेत होतो, ताई. त्याच क्रायोने हा गुडघा वाचला नाही तरी मी वाचलो. दोन्ही लिहा."

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग स्वतःच वाक्य घातलं: आज प्रत्येक रक्तपिशवी तपासली जाते, तरी कारखान्यात तयार होणाऱ्या फॅक्टरमधले (म्हणजे घटक आठच्या औषधातले) विषाणू जसे निष्क्रिय करतात तसे आपल्या साध्या क्रायोतले केले जात नाहीत, म्हणून आज पहिली पसंती फॅक्टरला, आणि तो नसेल तिथे क्रायो. मला वाटतं फलकावरचं सर्वांत कामाचं वाक्य तेच झालं.

१३ एप्रिल

रंगीत तालीम. बाहेर ४२ अंश. उद्या १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, बर्फाचा कारखाना बंद असेल, म्हणून आजच. पिशवी थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पॅकवर उभी केली, झाकणाला खिडकी कापून प्लास्टिक लावलं. पाच मिनिटांत प्लास्टिकवर आतून वाफ धरली. दिसायचं बंद. झाकण काढलं तर वीस मिनिटांत साका विरघळायला लागला. पाचवी पिशवी गेली.

मामांनी उपाय सांगितला: माशांची काचेची टाकी. बर्फाच्या पाण्यात पिशवी उभी बुडवली की सगळीकडून दिसते. ७०० रुपयांना छोटी मिळाली. बाहेरून काचेला घाम येतो, तो फडक्याने पुसावा लागतो, पण आतून धुकं नाही. पिशवीच्या खालच्या कडेला सलाइन स्टँडचा जुना क्लॅम्प बांधला, नाहीतर ती तरंगते. मागे काळा कार्डशीट. काळ्यावर पांढरे पुंजके झकास उठून दिसतात, हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

१७ एप्रिल

सहावी पिशवी, सकाळी आठला फ्रीजमधून थेट टाकीत. दहा ते एक टिकली, दोनदा बर्फ घातला. एनएसएसची एक मुलगी फडकं घेऊन काच पुसत होती.

सातवीतला एक मुलगा, कोपराला पट्टी, टाकीपुढून हलेना. त्याने फलक पूर्ण वाचला, मला विचारलं, "हे १९६४ला केलं, मग त्या प्रोफेसर कधी झाल्या?" ते फलकावर नव्हतं. १९७२ साली, मी सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं. "आठ वर्षांनी?" स्टॅनफर्डच्या त्या महाविद्यालयात येऊनच १९ वर्षं झाली होती, हे मी सांगितलं. आणि १९७५ साली, ५६व्या वर्षी त्या मेंदूतल्या गाठीने गेल्या, हे सांगितलं नाही. त्याची आई म्हणाली, "चल, फॅक्टर घ्यायचाय अजून." तो जाताना लिटरची बाटली उचलून पाहून गेला, वजनाला.

१९ एप्रिल

हिशेब: फ्लेक्स दोनदा ९६०, टाकी ७००, बर्फ १८०, पत्रकांची छपाई ३५०, बाटली, पेला, हळद, कार्डशीट ९०, चहा ४२०. एकूण २,७००. सहा पिशव्या गेल्या, त्यातल्या तीन माझ्या घाईने. पुन्हा करायचं झालं तर तीनच ठेवीन: एक मोजायला, एक तालमीला, एक त्या दिवसाला.

सगळ्या पिशव्या ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) पिवळ्या पिशवीतून रवाना, नोंदवहीत क्रमांकांसह. स्टॉपवॉच काकांना परत. त्यांनी कानाला लावून पाहिलं आणि दोन सेकंद मागे पडतंय म्हणाले. पण ३ तारखेचे आकडे आता बदलत बसत नाही, तिन्ही त्याच घड्याळाचे आहेत. पुलाचा फ्लेक्स मामांनी घराच्या पत्र्यावर टाकायला नेला. टाकीही ब्लीचने घासूनपुसून तेच घेऊन गेले, मलेरिया विभागातून चार गप्पी आणून त्यात सोडलेत म्हणे.